नागपुरात समुद्र भरताना

समुद्राचं पाणी चालतं ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे. वरून वारा ढकलतो आणि खाली पाण्याच्या वजनातला बारीकसा फरक काम करतो. वारा मुलांना लगेच पटतो. पण पाणी पाण्याखाली बुडतं, बुडून सरळ तळाने चालू लागतं, हे सांगून पटत नाही. ते दाखवावंच लागतं. नागपुरातल्या शाळांमध्ये आम्ही ते काचेच्या पेटीत दाखवतो. इथे सागर म्हणजे गांधीसागर तलाव, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर. तरीही समुद्राच्या खोल प्रवाहांचा बराचसा भाग इथे वर्गात उभा करता येतो. पेटी बनवण्यापासून ती रिकामी करण्यापर्यंत काय केलं, कुठे फसलं आणि का फसलं, ते इथे लिहितो आहोत.

पेटी ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २५ उंच. काच ५ मिलिमीटरची. काचवाल्याकडून कापून घेताना कडा घासून घ्यायच्या, नाहीतर मुलांचे हात कापतात. सांधे माशांच्या पेटीला लावतात त्या सिलिकॉनने जोडायचे आणि पूर्ण ४८ तास हात लावायचा नाही. २४ तासांत ते वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आत ओलं असतं. घाई केली तर तळाच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं आणि मग सगळं सिलिकॉन खरवडून पुन्हा भरावं लागतं. २० सेंटिमीटरपर्यंत भरली की पेटीत २४ लिटर पाणी मावतं, काचेसकट वजन ३० किलोच्या वर जातं. शाळेतलं डुगडुगतं बाक याला चालत नाही. भक्कम टेबल, त्यावर थर्मोकोलची शीट, शीटवर पेटी. थर्मोकोल नसेल तर टेबलावरचा वाळूचा एखादा खडाही तळाच्या काचेला तडा द्यायला पुरतो.

पेटीच्या बरोबर मध्ये उभा पडदा हवा, वर ओढून काढता येईल असा. त्यासाठी ३ मिलिमीटरची अॅक्रिलिक शीट आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचं बारीक चॅनल. पडदा चॅनलमध्ये सैल असेल तर पाणी एकीकडून दुसरीकडे जातं, घट्ट असेल तर ओढताना हिसका बसतो. कडांना व्हॅसलीन लावल्याने दोन्ही अडचणी सुटतात. तळाची कड मात्र विसरली जाते, आणि नेमकं तिथूनच जड पाणी गुपचूप पलीकडे पसरत राहतं. दुसऱ्या बाजूला तळाशी रंगाची पातळ चादर दिसू लागली की समजावं, तळाला व्हॅसलीन कमी पडलं.

मीठ खडे मीठ घ्यावं. पुडीतलं बारीक मीठ सुटं राहावं म्हणून त्यात काही द्रव्यं मिसळलेली असतात, त्यांनी पाणी दुधाळ होतं आणि पेटीच्या मागचा दिवा दिसत नाही. खडे मिठात माती असते, पण ती मलमलच्या दुहेरी कापडातून गाळली की निघते. आता समुद्राइतकं खारट म्हणजे किती? समुद्राची सरासरी क्षारता ३५, म्हणजे एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ टाकलं तर ते ३५ होत नाही, कारण मिश्रणाचं वजन १०३५ ग्रॅम झालेलं असतं. बरोबर ३५ साठी एका लिटरला ३६ ग्रॅमच्या किंचित वर मीठ लागतं. फरक लहान आहे, पण क्षारता मोजायला शिकवणाऱ्याने हा हिशोब मुलांकडून एकदा करून घ्यावाच.

पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं. ताज्या नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असते. खोलीत पाणी तापलं की ती बुडबुड्यांनी काचेला आतून चिकटते आणि सगळं चित्र ठिपक्यांनी भरून जातं. रात्रभर ठेवल्याने हवा निघून जाते आणि दोन्ही बादल्यांचं तापमानही एकसारखं होतं. हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे. का, ते पुढे येईल.

पहिला प्रयोग पडद्याचा. डावीकडे १२ लिटर साधं पाणी, उजवीकडे १२ लिटर मिठाचं, त्यात निळा खाण्याचा रंग. दोन्ही बाजू एकदम भरायच्या, आधी एक-तृतीयांश, मग दोन-तृतीयांश, मग पूर्ण, म्हणजे पडद्यावर एकाच बाजूने दाब येत नाही. पातळी दोन्हीकडे मिलिमीटरपर्यंत सारखी हवी. पाणी निवळायला पाच मिनिटं द्यायची. मग एकाने पेटी धरायची आणि दुसऱ्याने पडदा सरळ वर, दोन-तीन सेकंदांत, थरथर न होऊ देता ओढायचा.

सुरुवातीला आम्ही समुद्राइतकंच मीठ टाकलं, १२ लिटरला सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. पडदा वर गेला आणि निळं पाणी तीन सेकंदांच्या आत समोरच्या काचेला जाऊन आपटलं. मागच्या रांगेतल्या मुलांना काही दिसलंच नाही. याचं गणित सोपं आहे. जड पाण्याच्या जिभेचा वेग घनतेतल्या फरकाच्या वर्गमुळाच्या आणि खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २० सेंटिमीटर खोलीत समुद्राइतकं मीठ असलं की तो सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर येतो. लिटरला ५ ग्रॅमवर आणलं, म्हणजे एकूण ६० ग्रॅम, तर ४ सेंटिमीटरच्या आसपास. २ ग्रॅमवर आणलं, एकूण २४ ग्रॅम, तर अडीच ते पावणेतीन. म्हणजे अर्धी पेटी ओलांडायला दहा-अकरा सेकंद. वर्गासाठी हेच योग्य. निळी जीभ तळाला चिकटून पुढे सरकते, तिचं टोक फुगीर असतं आणि टोकाच्या मागे लहान लहान भोवरे उलटत येतात. त्याच वेळी वरून साधं पाणी उलट दिशेने जातं, पण त्याला रंग नसल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्या बाजूला थोडा लाल रंग टाकला की दोन्ही जिभा एकमेकींच्या विरुद्ध सरकताना दिसतात. मुलं हातांनी दिशा दाखवू लागतात. जड पाणी तळाने येतं तेव्हा हलक्याला वरून जागा सोडावी लागते, हे वाक्य आपल्याला म्हणावंच लागत नाही.

पडदा काढल्यावर लगेच पेटी आवरायची नाही. दोन थर एकावर एक बसले की त्यांच्या मधली सीमा डावी-उजवीकडे हेलकावे खात राहते. ५ ग्रॅमच्या पाण्यात एक पूर्ण हेलकावा साधारण अर्ध्या मिनिटाचा. वरचा पृष्ठभाग मात्र सपाट, शांत. पाण्याच्या पोटात लाट आणि वर काहीच नाही, हे पाहून मोठी माणसंही वाकून बघतात. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक फ्रित्योफ नान्सेन याचं फ्राम जहाज १८९३ मध्ये आर्क्टिक समुद्रात अशाच पाण्यात अडकलं होतं. वर वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी, खाली खारं. इंजिन चालू, पण जहाज पुढे सरकेना. जहाजाची ताकद दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्ची पडत होती. स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ व्हाग्न वालफ्रिड एकमन याने १९०४ मध्ये अशाच पेटीत, लहानशी नाव ओढून, हे सिद्ध केलं.

आता तापमानाची गोष्ट. नागपुरात हा प्रयोग मे महिन्यात करायचा असेल तर थर्मामीटर सोडून काही करू नये. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी ४० अंशांच्या पुढे असतं आणि माठातलं २७ अंशांच्या आसपास. एकदा मिठाची बादली गच्चीच्या पाण्याने भरली गेली आणि साधं पाणी रात्रभर आत ठेवलेलं होतं. ४२ अंश आणि २७ अंश. मीठ लिटरला ५ ग्रॅम. पडदा वर गेला आणि निळं खारं पाणी वर चढून साध्या पाण्यावर तरंगू लागलं. सगळं उलटं.

कारण मोजून सांगता येतं. २७ अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरला ९९६.५ किलो, ४२ अंशांची ९९१.४. गरम होण्याने पाणी ५ किलोने हलकं झालं, तर ५ ग्रॅम मिठाने ते साडेतीन किलोनेच जड झालं होतं. बेरीज-वजाबाकीत खारं पाणी दीड किलोने हलकं ठरलं. नागपुरी उन्हाळ्यासाठी आम्ही एक ढोबळ हिशोब ठेवला आहे: या तापमानांना एक अंशाचा फरक म्हणजे लिटरला साधारण अर्धा ग्रॅम मीठ. २ ग्रॅमचा प्रयोग असेल तर दोन्ही बादल्यांत एका अंशाहून जास्त तफावत ठेवूच नये.

हाच हिशोब ध्रुवाकडे नेला की वेगळा होतो. शून्य अंशाजवळच्या समुद्राच्या पाण्यात एक अंशाने घनता जेमतेम ०.०५ किलोने बदलते, तर एक ग्रॅम क्षाराने ०.८ किलोने. म्हणजे गरम समुद्रात तापमानाचं चालतं आणि थंड समुद्रात मिठाचं. ग्रीनलंडजवळ बर्फ वितळून गोडं पाणी पसरलं तर खोल बुडणाऱ्या पाण्याचं काय होईल, ही शास्त्रज्ञांची काळजी याच आकड्यांतून येते.

उलट्या झालेल्या त्या पेटीतून पुढचा प्रयोगही मिळाला. गरम, खारं, निळं पाणी वर आणि थंड, साधं पाणी खाली, असं पाच-दहा मिनिटं न हलवता ठेवलं, पेटीच्या मागे पांढरा कागद लावून दिवा लावला, आणि सीमेजवळ डोळे नेले. सीमेतून निळे धागे खाली लोंबू लागले होते. एक ते तीन मिलिमीटर जाड, सरळ, दाट, शेवयांसारखे. दोन धाग्यांच्या मधून बिनरंगी पाणी वर चढत होतं. यांना मिठाची बोटं म्हणतात. उष्णता पाण्यातून मिठाच्या सुमारे १०० पट वेगाने पसरते. वरचं पाणी थोडं खाली उतरलं की त्याची उष्णता शेजारच्या थंड पाण्यात लगेच निघून जाते, पण मीठ त्याच्याजवळच राहतं. थंड झालेलं खारं पाणी आता आजूबाजूपेक्षा जड, म्हणून ते आणखी खाली जातं. शेजारचं साधं पाणी तापून वर येतं. मेल्विन स्टर्नने १९६० मध्ये हे मांडलं. भूमध्य समुद्राचं उबदार, खारट पाणी जिब्राल्टरमधून बाहेर पडून अटलांटिकमध्ये साधारण हजार मीटर खोलीवर पसरतं, त्याच्या खालच्या कडेला अशीच बोटं असतात.

ही बोटं मुद्दाम करायची असतील तर खारं पाणी वर ओतताना हात स्थिर हवा. स्पंजचा पातळ तुकडा पाण्यावर तरंगता ठेवायचा आणि त्यावर हळूहळू सोडायचं. बोटं पंधरा-वीस मिनिटांत विस्कटतात, कारण वरचं पाणी काचेतून आणि हवेतूनही थंड होत असतं. म्हणून मुलांना आधी जागेवर बसवायचं, मगच ओतायचं.

बर्फाचा प्रयोग सोपा आहे, पण फळ मोठं. दोन काचेचे ग्लास, एकात साधं पाणी, दुसऱ्यात ३५ क्षारतेचं, दोघांचं तापमान एकच. निळ्या रंगाच्या बर्फाचा एकेक तुकडा हळूच सोडायचा. साध्या ग्लासात निळ्या धारा तळाशी जातात, खाऱ्या ग्लासात निळं पाणी वरच थराने साचतं. कोणता बर्फ आधी वितळेल असं विचारलं की बहुतेक हात खाऱ्याच्या बाजूने वर होतात, कारण रस्त्यावरचा बर्फ मिठाने वितळवतात हे त्यांनी ऐकलेलं असतं. होतं उलटं. साध्या पाण्यात थंड पाणी खाली निघून जातं आणि बर्फाला सारखं कोमट पाणी मिळत राहतं. खाऱ्यात बर्फ स्वतःच्या गार पाण्याच्या गादीवर बसून राहतो आणि दीडपट ते दुप्पट वेळ घेतो. ग्लास हलवला किंवा चमच्याने ढवळला की फरक संपला, म्हणून टेबलाला धक्का लागू देऊ नये.

आता बंगालचा उपसागर. हा भाग आम्ही सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो, कारण यात नागपूरचं पाणी आहे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, कृष्णा यांच्या जोडीला पावसाळ्यात तीही समुद्रावर गोडं पाणी पसरवते. त्यामुळे पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता ३० च्याही खाली जाते. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि नद्या कमी, म्हणून तिथे ती ३५ ते ३६ च्या आसपास. एकाच अक्षांशावरचे दोन शेजारी, आणि स्वभाव इतका वेगळा.

पेटीत याची मांडणी करताना आधी वरचं साधं पाणी भरायचं आणि जड पाणी त्याच्या खालून आत घालायचं. वरून ओतलं की मिसळतंच, कितीही काळजी घ्या. बांधकामावर पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्यायची, खाऱ्या पाण्याची बादली पेटीपेक्षा अर्धा मीटर उंच ठेवायची आणि पाइपचं टोक पेटीच्या कोपऱ्यात उलट्या बशीखाली ठेवायचं. धार मिनिटाला अर्धा लिटर. बशीमुळे पाणी उसळत नाही, कडेने पसरतं. रंग सोडायला मेडिकलच्या दुकानातला सलाईनचा सेट उत्तम, चाकी फिरवून थेंब मोजता येतात. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तो शेवटी भुडुक करून वर येतो आणि थर फाडतो. म्हणून पाइप आधी खाऱ्या पाण्याने पूर्ण भरून, टोक बोटाने दाबूनच आत न्यायची. खाली १२ सेंटिमीटर निळं खारं, वर ४ सेंटिमीटर लाल साधं, असे थर चांगले दिसतात.

मग टेबलफॅन. एका टोकाकडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर वारा. मंद वाऱ्यात लाल पाणी पलीकडच्या टोकाला गोळा होतं आणि पंख्याच्या बाजूला निळं पाणी वर उचलून येतं. वेग वाढवला की ते पृष्ठभागाला टेकतं. वाऱ्याने वरचं पाणी हटलं की खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत केरळच्या किनाऱ्यालगत हेच घडतं आणि तारली माशांना खाद्य मिळतं. पण पेटी इथे अर्धंच खरं सांगते, ते मुलांना सांगायलाच हवं. केरळजवळ वारा किनाऱ्याला समांतर, साधारण दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी एकूण वाऱ्याच्या उजवीकडे ढकललं जातं, म्हणजे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर. पेटीतलं पाणी सरळ वाऱ्यासोबत जातं, कारण पेटी एवढीशी आहे.

तोच पंखा खारं पाणी आणि साधं पाणी यांच्यात किती सहज मिसळण घडवतो, तेही बघावं. थर नसलेल्या पेटीत टाकलेला रंग पंख्याने लवकरच तळापर्यंत पोचतो. थर असलेल्या पेटीत तो वरच्या ४ सेंटिमीटरमध्येच फिरत राहतो. उपसागरावरचं गोडं पाणी असंच झाकण बनतं. वादळाचा वारा एरवी खालचं थंड पाणी वर ढवळून आणतो आणि त्याने वादळाचाच जोर कमी होतो. झाकण जाड असेल तर ते थंड पाणी वर यायला अडतं. उपसागरातली चक्रीवादळं किनाऱ्याला येईपर्यंत जोरदार राहण्यामागे हे एक कारण आहे.

क्षारता मोजायला पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासोबत मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, वापरायचा मोह होतो. तो ९९९० च्या वर आकडा दाखवत नाही. समुद्राचं पाणी ३५ हजाराच्या घरातलं. म्हणून १० मिलिलिटर नमुन्यात ९० मिलिलिटर शुद्ध केलेलं पाणी घालून मोजायचं आणि दहाने गुणायचं. मीटर शोधायचा नसेल तर स्ट्रॉचा घनतामापक करता येतो. ६ मिलिमीटर जाडीची स्ट्रॉ, तळाचं तोंड एम-सीलने बंद, आत बारीक वाळू, एकूण वजन ४ ग्रॅमच्या आसपास. साध्या पाण्यात ती साधारण १४ सेंटिमीटर बुडते आणि समुद्राच्या पाण्यात साडेतीन मिलिमीटर वर येते. एवढासा फरक वाचायचा तर स्ट्रॉ साबणाने धुतलेली हवी, तेलकट हाताने पाणी कडेला चढतं आणि खूण चुकते. समुद्रात सोडलेले अर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होत मोजणारे तरंगे, हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरतात. आतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलून आपलं आकारमान वाढवतात, कमी करतात, आणि २००० मीटरपर्यंत खाली जाऊन दर दहा दिवसांनी वर येऊन मोजमापं पाठवतात. आपल्याकडे हे काम हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून चालतं.

अंड्याचा प्रयोग मात्र समुद्राच्या नावाने करू नये. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात बुडतं. ते तरंगायला लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे मीठ लागतं, समुद्राच्या तिप्पट. अंडं तरंगलं म्हणजे समुद्र, असं मुलांच्या डोक्यात बसलं की पुढे क्षारतेचे सगळे आकडे घसरतात.

समुद्र खारट का, याला पेटी लागत नाही, नागपूरचा कूलर पुरतो. मेमध्ये टाकी न उपसता रोज वरून पाणी भरत राहिलं तर आठ दिवसांत टीडीएसचा आकडा कितीतरी पट चढतो, आणि ताट्यांवर पांढरे क्षार बसतात. पाणी उडून गेलं, क्षार राहिले. नद्यांनी आणलेल्या क्षारांचं समुद्रात हेच होतं. पण त्या पांढऱ्या खपलीवर लिंबू पिळलं की फसफस होते. ते मीठ नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट. नदीच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी ते फक्त १.२ टक्के. शिंपले, पोवळी आणि सूक्ष्म जीव ते कवचासाठी उचलतात आणि तळाशी चुन्याचा गाळ होतो. कॅल्शियम समुद्रात सुमारे दहा लाख वर्षं राहतं, सोडियम आणि क्लोराइड कोट्यवधी वर्षं, म्हणून मागे उरतं ते मीठ. क्लोराइड ५५ टक्के, सोडियम जवळपास ३१. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ मध्ये दाखवलं की पाणी कमी खारट असो वा जास्त, क्षारांचं आपापसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ एकच.

पृथ्वीच्या फिरण्याचा भाग वेगळ्या भांड्यात करतो. कुंभाराचं चाक वापरून पाहिलं, पण ते जोरात सुरू होतं आणि मंदावत जातं, आपल्याला एकसारखा वेग हवा. गिअर मोटर लावलेली फळी मिनिटाला ५ ते १० फेरे घेते, त्यावर ३० सेंटिमीटरचं गोल पारदर्शक भांडं, १० सेंटिमीटर पाणी. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, सगळं पाणी भांड्यासोबत एकजीव फिरू लागेपर्यंत. घाईने रंग टाकला तर तो नुसता पसरतो. थांबून टाकला तर रंगाचे उभे पडदे होतात, वरपासून तळापर्यंत, आणि ते एकमेकांभोवती गुंडाळत जातात. खऱ्या पृथ्वीचं फिरणं इतकं सावकाश आहे की बेसिनच्या भोवऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. साधारण नागपूरच्याच अक्षांशावर वेरावळचा समुद्र आहे. तिथे वाऱ्याने ढकलून सोडलेल्या पाण्याला फिरून एक वर्तुळ पुरं करायला ३३ तास लागतात.

पेटीचा आकारही एकदा तपासून घ्यावा. ६० सेंटिमीटर म्हणजे ६००० किलोमीटर धरले तर समुद्राची सरासरी ३.७ किलोमीटर खोली पेटीत ०.३७ मिलिमीटर येते. वहीचे तीन-चार कागद. आम्ही तेवढे कागद एकावर एक ठेवून काचेला टेकवतो. समुद्र खोल वाटतो तो आपल्या उंचीच्या मानाने, त्याच्या स्वतःच्या पसाऱ्यात तो पातळ साय आहे.

शेवटी दोन थरांची पेटी रात्रभर झाकून, पंखा बंद करून ठेवतो. रात्री रेघेसारखी असलेली सीमा सकाळी दोन-तीन सेंटिमीटर जाड झालेली दिसते, पण खाली निळं आणि वर लाल तसंच असतं. मीठ आपोआप पसरायला इतकं आळशी आहे. नुसत्या पसरण्याने एक मीटर जायला त्याला वीस-एकवीस वर्षं लागतात, आणि हा काळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४००० मीटर खोल समुद्रासाठी तो ३० कोटी वर्षांच्या पुढे जातो. तुलनेला, नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड ६.६ कोटी वर्षांचा. प्रत्यक्षात खोल समुद्राचं पाणी हजारेक वर्षांत फिरून वर येतं, कारण भरती-ओहोटी आणि वारा ते सतत ढवळत असतात. हे मुलांच्या हातून करून घेतो. एक पट्टी थरांच्या सीमेत घालून पाच वेळा हलवायची, आणि रात्रभरात जे झालं नाही ते काही सेकंदांत जांभळं होऊन जातं.

मग तीच लेव्हल पाइप लावून पेटी रिकामी करायची. हे पाणी शाळेच्या झाडांना घालू नये, मुळं करपतात. मोरीत सोडून वरून दोन बादल्या साधं पाणी टाकावं, आणि चॅनलमधलं मीठ त्याच दिवशी धुवावं. राहिलं तर आठवड्याभरात ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग पडतात आणि पडदा पुढच्या वेळी अर्ध्यातच अडतो.